साठवलेले मैल खर्चून विमानातील आसनाचा वर्ग वाढवणे : अनुभव आणि हिशेब हवेत

पिंप्राळेकर (धागाकर्ता)

मंडळी, रामराम. मी जळगावचा, तीन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालो. मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे आम्ही उभयता आतापर्यंत तीन वेळा अमेरिकेला जाऊन आलो आणि तिन्ही वेळा मुंबईहून निघून आखातातील एका शहरात विमान बदलणाऱ्या एकाच कंपनीने गेलो. त्या कंपनीच्या सभासद खात्यावर माझे ७१,००० आणि सौभाग्यवतींचे ३८,००० मैल, म्हणजे प्रवासाबद्दल सभासदाला मिळणारे गुण, जमले आहेत. त्यात मुलाने त्याच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट फिरवून माझ्या खात्यावर टाकलेले मैलही आहेत.

गेल्या वर्षी सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. चौदा तास पाय दुमडून बसणे त्यांना आता शक्य नाही, आणि बिझनेस क्लासचे तिकीट रोखीने काढणे मला शक्य नाही. म्हणून हे मैल खर्चून त्यांना इकॉनॉमीतून वरच्या वर्गात नेता येईल का, याचा विचार करतो आहे. एजंटाने दोन भाव सांगितले असून त्यांत माणशी १७,००० रुपयांचा फरक आहे. त्याचे म्हणणे असे की, मैल आहेत तर स्वस्त तिकीटच घ्यावे, अपग्रेड मुंबईच्या काउंटरवर होऊन जाते. मेहुण्यांच्या मते नीटनेटके कपडे घालून काउंटरवर गोड बोलल्यास मैलही लागत नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावरील नियम मी दोनदा वाचले. प्रत्येक वाक्य सुटे सुटे कळते, पण सगळी मिळून काय सांगतात ते कळत नाही.

तिकीट अजून काढलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ

काका, तिकीट काढलेले नाही हे फार बरे झाले, कारण तुमच्या प्रश्नाचे नव्वद टक्के उत्तर तिकीट काढण्याआधीच ठरते. मी मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात एका कंपनीच्या प्रवास विभागात काम करतो आणि दर आठवड्याला हा प्रश्न कोणीतरी तिकीट हातात घेऊन विचारायला येतो. तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

इकॉनॉमी हा बाहेरून एकच वर्ग दिसत असला, तरी कंपनीच्या दृष्टीने त्यात दहा-पंधरा भाडी असतात आणि प्रत्येक भाड्याला एक रोमन अक्षर दिलेले असते. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचे तिकीट म्हणूनच वेगवेगळ्या भावाचे असते आणि वेगवेगळ्या नियमांचेही. यातली सर्वांत स्वस्त भाडी मैलांच्या अपग्रेडमधून बहुतेक ठिकाणी सरळ वगळलेली असतात. एमिरेट्समध्ये ‘स्पेशल’ भाड्यावर मैलांनी वर जाता येत नाही, ‘सेव्हर’वर जाता येते पण मैल जास्त लागतात आणि ‘फ्लेक्स’वर त्याहून कमी लागतात. सिंगापूर एअरलाइन्सचे ‘लाइट’ भाडे असेच वगळलेले आहे. तेव्हा एजंटाने सांगितलेला १७,००० रुपयांचा फरक हा नुसता फरक नाही. बहुधा तीच अपग्रेडची प्रवेश फी आहे. स्वस्त तिकीट घेतले, तर खात्यावर ७१,००० काय, सात लाख मैल असले तरी ते त्या तिकिटाला लागणार नाहीत. एजंटाकडून दोन्ही भाड्यांची नावे आणि अक्षरे लिहून घ्या. ग्रुपचे किंवा घाऊक भावाने उचललेले तिकीट तो देत असेल, तर तेही बहुधा बाद समजा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पात्र तिकीट आणि पुरेसे मैल, दोन्ही असूनही अपग्रेड मिळेलच असे नाही. वरच्या वर्गातील सगळी रिकामी आसने मैलवाल्यांसाठी खुली नसतात. कंपनीचा महसूल विभाग कोणती आसने रोखीने विकली जाणार नाहीत याचा अंदाज बांधतो आणि तेवढीच मैलांसाठी सोडतो. एअर इंडियाच्या नव्या ए-३५० विमानात ३१६ आसने आहेत आणि त्यांपैकी बिझनेसची केवळ २८ आहेत. एवढ्या थोड्या जागांसाठी रोखवाले, वरच्या आसनासाठी जादा रकमेची बोली लावणारे, उच्च श्रेणीचे सभासद आणि आपण, असे सगळे रांगेत असतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी ज्या तारखेला अपग्रेडची जागा उघडी आहे ती तारीख शोधा, मग त्या तारखेचे पात्र भाड्याचे तिकीट काढा आणि त्याच बैठकीत मैल कापून घेऊन जागा पक्की करा. तारीख आपल्या सोयीची आणि जागा नशिबाची, असे केले की बहुतेक वेळा वेटलिस्टवर राहावे लागते.

शिरपूरकर

मेहुण्यांच्या कपड्यांच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द. फुकट बढती असते, नाही असे नाही, पण ती कंपनीच्या अडचणीतून जन्मते. इकॉनॉमीत जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली आणि वर आसने रिकामी असली, की काही प्रवाशांना वर ढकलावेच लागते. अशा वेळी संगणकाची यादी बघितली जाते आणि तिच्यात वारंवार उडणारे उच्च श्रेणीचे सभासद आधी असतात. मी स्वतः बावीस वर्षे इस्त्रीचा सदरा घालून प्रवास करतो आहे आणि मला आजवर एकदाच वर बसवले गेले. त्या दिवशी माझ्या अंगावर टी-शर्ट होता.

दाणाबाजार

पिंप्राळेकर भाऊ, मी डाळीच्या व्यापारातला माणूस, तेव्हा हिशेबापुरते बोलतो.

लोक अपग्रेडचा फायदा असा मांडतात : बिझनेसचे तिकीट इतक्या लाखांचे, आपण इकॉनॉमीच्या भावात गेलो, म्हणजे मधला सगळा फरक वाचला. जी वस्तू आपण रोखीने कधीच घेतली नसती, तिची छापील किंमत आपल्या बचतीत धरणे म्हणजे स्वतःच्याच वहीत खोटी नोंद करणे होय. खरा प्रश्न असा विचारावा की, त्या चौदा तासांत आडवे होऊन झोपायला मिळावे यासाठी मी खिशातून जास्तीत जास्त किती रोख रक्कम काढली असती?

समजा, वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करून तुम्ही ४५,००० रुपये म्हणालात. त्यातून महागड्या भाड्याचे जादा १७,००० वजा करा, राहिले २८,०००. त्या एका टप्प्याला समजा ५५,००० मैल लागले, तर एका मैलाला जवळपास ५१ पैसे मिळाले. आता दुसरी बाजू. महागड्या भाड्यात तारीख बदलण्याची मुभा बहुधा जास्त असते, आणि सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांची परतीची तारीख न बदलणे ही गोष्ट आमच्या घराण्यात तरी अजून घडलेली नाही. त्या मुभेचे ५,००० धरले, तर ३३,००० भागिले ५५,००० म्हणजे मैलाला ६० पैसे. हेच मैल नुसत्या इकॉनॉमीच्या तिकिटासाठी वापरले तर किती पैसे पडतात, तेही काढा. जिथे जास्त पडतात तिथे मैल खर्चावेत. माझे आकडे समजुतीपुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

आणखी एक. वरच्या वर्गाचे संपूर्ण तिकीटच मैलांवर काढण्याचा पर्यायही तपासा. त्याला मैल अधिक लागतात, पण खाली महागडे तिकीट विकत घ्यावे लागत नाही. मात्र मैलांच्या तिकिटावरही कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोखीने भरावा लागतो आणि तो कधी कधी इतका असतो की ‘मोफत’ या शब्दाची लाज वाटावी.

तापीकाठ

दाणाबाजार यांच्या हिशेबाला एक पुस्ती जोडतो. अपग्रेड केलेल्या प्रवासावर नवे मैल बहुतेक कंपन्यांत मूळ विकत घेतलेल्या भाड्याप्रमाणेच जमा होतात, बिझनेसप्रमाणे नाही. तेव्हा ती बाजू जमेत धरू नये. तसेच रोख रक्कम भरून वर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज इतर वर्गांच्या विमान तिकिटांवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे.

शहाद्याची लेक

काका, माझा फसलेला प्रयोग सांगते, म्हणजे तुमचा फसणार नाही.

गेल्या वर्षी आईबाबांसाठी मी पात्र भाड्याची तिकिटे काढली, मैल पुरेसे होते, जागा मात्र उघडी नव्हती म्हणून वेटलिस्टवर नाव घातले. निघण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत काही हालचाल नव्हती. मग कंपनीला फोन केला, तेव्हा समजले की वरती एकच आसन सुटले होते, पण दोघे एकाच पीएनआरवर असल्यामुळे ते दोघांना मिळून मागितले गेले आणि दोघांनाही मिळाले नाही. ‘एक तरी द्या’ असे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. मी पीएनआर वेगळे करून मागितले. आईला आसन मिळाले, पण त्या फोडाफोडीत बाबांची आधी पैसे भरून घेतलेली कडेची सीट गेली आणि दोघांचीही व्हीलचेअरची नोंद पुसली गेली. मुंबईच्या विमानतळावर रात्री एक वाजता हे उघड झाले. व्हीलचेअर मिळाली, पण पाऊण तासाने.

यापेक्षाही मोठी चूक परतीच्या प्रवासात होती. तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचे आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचे, म्हणजे कोडशेअर. पहिली म्हणाली, विमान आमचे नाही. दुसरी म्हणाली, तिकीट आमचे नाही. दोघींचेही नियमाप्रमाणे बरोबरच होते, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. तेव्हापासून मी तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक आधी बघते. पहिल्या तीन आकड्यांवरून तिकीट कोणत्या कंपनीने दिले ते कळते : एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूरचे ६१८. त्याखाली ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून कोणाचे नाव आहे तेही पाहते. तिकीट देणारी, विमान उडवणारी आणि जिचे मैल आपल्याकडे आहेत ती, अशी तिन्ही एकच असली तर काम सोपे असते.

शिरपूरकर

ताईंच्या कोडशेअरच्या मुद्द्यावरून आठवले. एका कंपनीचे मैल तिच्या गटातील दुसऱ्या कंपनीच्या विमानात अपग्रेडसाठी चालतात, असे पुष्कळ लोक ठामपणे सांगतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिचे सभासद तसा विचार करतात. सोय आहे हे खरे, पण दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी सहसा इकॉनॉमीतील सर्वांत वरची, जवळपास पूर्ण भाड्याची तिकिटेच चालतात. तेवढे पैसे मोजायचे, तर सवलतीतले बिझनेसचे तिकीट शोधणे शहाणपणाचे.

पिंप्राळेकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एजंटाकडे जाऊन दोन्ही भाड्यांची अक्षरे लिहून आणली. स्वस्त तिकीट मैलांच्या अपग्रेडला अपात्र आहे, हे त्याने संगणकावर बघून मान्य केले आणि ‘साहेब, एवढे कोणी विचारत नाही’ असेही म्हणाला. चिडलो नाही, कारण मीही आजवर विचारले नव्हते.

आता तीन शंका उरल्या आहेत. माझ्या खात्यावरील मैल सौभाग्यवतींच्या आसनासाठी वापरता येतील का? चार टप्प्यांपैकी कोणता टप्पा निवडावा, कारण मैल एकाच लांब टप्प्याला पुरतील असे दिसते? आणि फक्त त्यांनाच वर न्यायचे, तर माझे तिकीटही महागडेच हवे का?

तापीकाठ

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात पैसे आहेत. तुमचे तिकीट महागडे असण्याची गरज नाही. काकूंचे तिकीट पात्र भाड्याचे आणि तुमचे स्वस्त भाड्याचे काढल्यास १७,००० रुपये वाचतात. त्याची किंमत अशी की, दोन्ही तिकिटे वेगळ्या पीएनआरवर निघतील. उद्या विमान रद्द झाले, तर संगणक तुम्हा दोघांना दोन वेगळ्या विमानांत बसवू शकतो. म्हणून तिकीट निघाल्यानंतर कंपनीला फोन करून दोन्ही नोंदी परस्परांना जोडून घ्या आणि एकत्र प्रवास करत असल्याची टीप दोन्हींवर टाकायला लावा. ही टीप म्हणजे हमी नव्हे, पण काउंटरवर बसलेल्या माणसाला ती दिसते.

मैल दुसऱ्यासाठी वापरण्याचे नियम कंपनीगणिक निराळे आहेत. एमिरेट्समध्ये कुटुंबाचे सामाईक खाते उघडून मैल एकत्र करता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या मैल योजनेत पाच नामनिर्देशित व्यक्ती नोंदवता येतात आणि त्यांच्यासाठी आपले मैल खर्चता येतात. तुमच्या कंपनीतही पती-पत्नीसाठी काही ना काही सोय असेल, पण नोंदणी आजच करा, कारण नाव नोंदवणे आणि मैल कापणे एकाच दिवशी होत नाही असा अनुभव आहे. नोंदवताना पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच लिहा. आपल्याकडे पतीचे नाव मधे असते, पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटते, खात्यावर वगळले जाते, आणि मग संगणकाला ती एकच बाई दोन व्यक्ती वाटते.

टप्प्याबद्दल म्हणाल, तर मुंबई ते आखात हा जेमतेम तीन तासांचा प्रवास आहे आणि निम्मा वेळ चढ-उतार आणि जेवणात जातो. त्यावर एक मैलही खर्चू नका. उरले दोन लांब टप्पे. माझे मत जातानाच्या टप्प्याच्या बाजूने आहे. पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातील वारे समोरून येतात, त्यामुळे तो प्रवास परतीपेक्षा तास-दीड तासाने लांबतो. शिवाय तुम्ही जळगावहून मुंबईपर्यंत रेल्वेने आलेले असाल, मुंबईतून मध्यरात्रीनंतर निघाला असाल आणि पहाटे आखातात उतरून पुन्हा तीन तास बसलेला असाल. म्हणजे लांबच्या विमानात चढेपर्यंत काकू सलग वीस तास जाग्या असतील.

शहाद्याची लेक

मी परतीच्या बाजूने आहे. जातानाचे लांब विमान सकाळी निघते आणि दुपारी पोचते. बाहेर लख्ख ऊन असताना तीन वेळा खायला देतात आणि झोप धड लागत नाही. परतीचे विमान न्यूयॉर्कहून रात्री उशिरा निघते, तेव्हा तिथल्या घड्याळाप्रमाणे शरीर झोपायला तयार असते. आईने दोन्ही बाजूंचा अनुभव घेतला आहे आणि तिचे मत रात्रीच्या बाजूने पडते.

अमळनेर ते लंडन

अमेरिकेला जाणाऱ्यांना लागू नाही, पण धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहितो. मी लंडनला राहतो. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर असतो आणि इकॉनॉमीच्या वरच्या कोणत्याही वर्गासाठी, प्रीमियम इकॉनॉमी धरून, तो लांबच्या प्रवासात दुपटीहून अधिक आहे. इथून मैलांनी वर गेले तरी हा फरक रोखीने भरावा लागतो. म्हणून माझे आईवडील येतात तेव्हा मी मुंबई ते लंडन हा टप्पा वर नेतो आणि परतीला त्यांना इकॉनॉमीत बसवतो. वडील दर वेळी विचारतात की जाताना मानाने आणि येताना गर्दीने, हा काय प्रकार आहे?

दाणाबाजार

कोणताही टप्पा निवडा, पण मैल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. आपल्या जळगावात सोनेही आहे आणि केळीही आहेत. लोक मैलांना सोने समजून तिजोरीत ठेवतात, प्रत्यक्षात ती केळी आहेत. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांनी संपतात, इतरांच्या मुदती वेगळ्या असतात. मुदत नसली तरी कंपनी एका सकाळी तक्ता बदलते आणि काल ५५,००० ला मिळणारे आसन आज ७०,००० ला होते. त्याविरुद्ध दाद कुठे मागणार? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्या महाराष्ट्र दिनी, ही योजना सुरू केली तेव्हा मैल म्हणजे खरोखर उडालेले अंतर होते. आता अनेक ठिकाणी मैल अंतरावर नाही, भरलेल्या पैशांवर मिळतात. एअर इंडियाही २०२४ साली त्याच पद्धतीवर गेली. मैल हे नावापुरतेच मैल राहिले आहेत.

कंपनीच बंद पडली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैल योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे मैल टिकले आणि योजनेचे नाव पुढे इंटरमाइल्स झाले. पण मैल होते आणि ज्या विमानात वर बसायचे ते विमानच नव्हते.

सातपुडा

काउंटरवर काहीच होत नाही असे मात्र नाही. चेक-इनच्या वेळी रिकामी राहिलेली आसने काही कंपन्या रोखीने किंवा मैलांनी देतात, आणि त्याआधी साधारण आठवडाभर बोली लावण्याचा ई-मेल येतो. मी दोनदा बोली लावली, एकदा लागली. बोली माणशी आणि टप्प्यागणिक असते, लागली की कार्डावरून पैसे लगेच कापले जातात आणि परत मिळत नाहीत. शिवाय बोली लागलेल्या आसनाबरोबर लाउंज आणि जादा सामान मिळेलच असे नाही, ते ई-मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ज्याला वर जाणे हौसेपुरते आहे त्याने बोलीचा नाद करावा. ज्याला गुडघ्यांसाठी जायचे आहे त्याने तिच्यावर विसंबू नये.

मैल नाहीच लागले, तर पुढच्या ओळीतली जादा जागेची सीट पैसे भरून घ्या. आपत्कालीन दरवाजाजवळची मात्र मागू नका. तिथे बसणाऱ्याला वेळ पडल्यास दरवाजा उघडण्यास मदत करता आली पाहिजे, म्हणून व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशाला ती देत नाहीत.

नंदुरबारचा

एक शंका. जळगावहून मुंबईला विमानाने गेल्यास त्या टप्प्यातही मैलांनी वर बसता येते का? आम्ही नंदुरबारकर सुरतेहून जातो, त्यामुळे जळगावच्या विमानतळाचा अनुभव नाही.

तापीकाठ

जळगावला उतरणारी एटीआर ७२ जातीची विमाने सुमारे सत्तर आसनांची आणि एकाच वर्गाची असतात. तिथे वर असे काही नाही, पुढे आणि मागे एवढेच आहे. पण या टप्प्याचा अपग्रेडशी वेगळा संबंध आहे. जळगाव-मुंबई तिकीट स्वतंत्र काढलेले असेल आणि ते विमान उशिरा आले किंवा रद्द झाले, तर पुढची आंतरराष्ट्रीय कंपनी तुम्हाला नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, धरते. अशा वेळी अपग्रेडचे मैलही बहुधा बुडतात. त्यामुळे स्वतंत्र तिकीट असल्यास एक दिवस आधी मुंबईत पोचावे, मग रेल्वेने जा की विमानाने.

पिंप्राळेकर (धागाकर्ता)

मंडळी, काम झाले, म्हणजे निम्मे झाले.

आम्हाला जायचे होते शुक्रवारी, कारण मुलाला शनिवारी विमानतळावर येणे सोयीचे. त्या आठवड्यातील शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तिन्ही दिवशी जातानाच्या लांब टप्प्यावर मैलांसाठी एकही आसन नव्हते. मंगळवारी दोन होती, बुधवारी एक. तापीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे आधी जागा, मग तिकीट, हा क्रम धरला आणि मंगळवार ठरवला. मुलाने अर्धा दिवस रजा काढली. सौभाग्यवतींचे तिकीट पात्र भाड्याचे, माझे स्वस्त भाड्याचे. माझ्या खात्यावरून त्यांच्यासाठी मैल कापले गेले आणि दहा मिनिटांत नवे ई-तिकीट आले, ज्यात त्या एकाच टप्प्यापुढे वर्गाचे अक्षर बदललेले आहे. दोन्ही पीएनआर फोनवरून जोडून घेतले. फोनवर बावीस मिनिटे संगीत ऐकले.

परतीबद्दल शहाद्याच्या ताईंचे म्हणणे मला पटते आहे, पण मैल संपले. सौभाग्यवतींच्या खात्यावरील ३८,००० परतीला कमी पडतात. तूट भरण्यासाठी कंपनी मैल विकत देते, पण त्यांचा भाव दाणाबाजार यांच्या ६० पैशांच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून तो नाद सोडला. परतीला पुढच्या ओळीची सीट घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. आम्ही दोघे कांदा-लसूण खात नाही. तिकीट काढताना जैन जेवणाची नोंद केली होती. आता त्यांचा वर्ग बदलल्यावर ती आपोआप पुढे जाते का?

शहाद्याची लेक

काका, आपोआप जाते असे धरून चालू नका. आमच्या वेळी व्हीलचेअर गेली तशीच जेवणाचीही नोंद गेली होती आणि बाबांच्या पुढ्यात अंडे आले. नवे ई-तिकीट आल्यानंतर त्या टप्प्यावर जेवण, व्हीलचेअर आणि सीट क्रमांक या तिन्ही नोंदी पुन्हा एकदा उघडून बघा, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी परत बघा. मधल्या काळात कंपनीने विमानाचा प्रकार बदलला तर आसनांची मांडणीही बदलते, तेव्हा काकूंची सीट पायऱ्या नसलेल्या, स्वच्छतागृहाजवळच्या ओळीत आहे ना, तेही तपासून घ्या. जैन जेवण बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी सांगावे लागते.

पिंप्राळेकर (धागाकर्ता)

आत्ताच बघितले. व्हीलचेअरची नोंद आहे, जेवणाची नाही. पुन्हा टाकली.